बायोडिझेलच्या कच्च्या ग्लिसरॉलपासून सोलकेटल: उत्प्रेरक घालण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

बाटलीतलं शुद्ध ग्लिसरॉल, ॲसिटोन आणि आम्लधर्मी रेझिन (उत्प्रेरकाचे बारीक मणी) घेतलं की सोलकेटल, म्हणजे ग्लिसरॉल आणि ॲसिटोन जोडून तयार होणारा द्रव, सहज बनतं. बायोडिझेल युनिटमधून आणलेलं तपकिरी ग्लिसरॉल घेतलं की गाडी अडते. पहिली बॅच बरी जाते, दुसरी घसरते, तिसरीत जवळपास काहीच होत नाही. मग प्रकल्पाच्या अहवालात ‘उत्प्रेरक निष्क्रिय झाला’ असं एक वाक्य येतं आणि विषय तिथेच संपतो. रेझिन आपोआप निष्क्रिय होत नाही. बहुतेक वेळा त्याच्या आम्लजागा (हायड्रोजन आयन धरणाऱ्या, काम करणाऱ्या जागा) सोडियमने किंवा पोटॅशियमने भरलेल्या असतात, आणि ते धातू ग्लिसरॉलसोबत आपणच आत घातलेले असतात.

हा लेख त्या चुकीसाठी आहे. एमएस्सी किंवा केमिकल इंजिनिअरिंगच्या प्रकल्पासाठी, किंवा छोट्या युनिटमध्ये चाचणी बॅच घेणाऱ्यांसाठी, १०० ग्रॅम शुद्ध केलेल्या ग्लिसरॉलचा हिशेब धरून सगळी कृती दिली आहे. यातला निम्म्याहून जास्त भाग शुद्धीकरणावर आहे, कारण वेळही तिथेच जातो आणि चुकाही तिथेच होतात.

सोलकेटलच का, ते थोडक्यात. ग्लिसरॉलपासून प्रॉपिलीन ग्लायकॉल करायचं तर तांब्याचे उत्प्रेरक, २०० अंशांच्या आसपास तापमान आणि दाबाखालचा हायड्रोजन लागतो. ॲक्रोलिन विषारी आहे. ग्लिसरॉल कार्बोनेट चांगला पर्याय आहे, पण त्याचा डायमिथाइल कार्बोनेट आणि चुन्याच्या उत्प्रेरकाचा मार्ग वेगळा, त्यावर स्वतंत्रपणे लिहावं लागेल. सोलकेटल साध्या काचेच्या भांड्यात, ५० अंशांच्या आत बनतं. द्रावक म्हणून आणि इंधनात मिसळायचा घटक म्हणून त्याला उपयोग आहे.

## टप्पा ० : कागदावरचा हिशेब

हा हिशेब झाल्याशिवाय कच्च्या ग्लिसरॉलच्या कॅनचं झाकण उघडू नका.

१०० किलो तेलापासून साधारण १० किलो ग्लिसरॉल मिळतं. बायोडिझेल बनवताना तेलाच्या १ टक्का कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरलं असेल तर ते १ किलो झालं, म्हणजे सुमारे १८ मोल. त्यातला बहुतांश भाग, मोकळ्या अल्कलीच्या किंवा साबणाच्या रूपात, ग्लिसरॉलच्या थरात उतरतो. म्हणजे दर १०० ग्रॅम ग्लिसरॉलमागे १७५ मिलिमोलच्या आसपास पोटॅशियम.

आता रेझिनची बाजू पाहा. ॲम्बरलिस्ट-१५ या कोरड्या रेझिनच्या एका ग्रॅममध्ये साधारण ४.७ मिलिमोल आम्लजागा असतात. १०० ग्रॅम ग्लिसरॉलसाठी ५ ग्रॅम रेझिन घेतलं तर २३.५ मिलिमोल. पोटॅशियम त्याच्या सातपट आहे. कच्चा माल थेट ओतला तर रेझिन कामाला लागण्याआधीच संपतं.

‘मी आम्ल घालून उदासीन केलं आहे’ म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही. उदासीन केलं की अल्कलीचं मीठ होतं, पण धातू तिथेच राहतो. ग्लिसरॉलमध्ये फक्त १ टक्का साधं मीठ उरलं तरी १०० ग्रॅममागे १७ मिलिमोल सोडियम होतं आणि रेझिनच्या पाऊण भागाच्या जवळपास जागा त्यात जाऊ शकतात. ०.१ टक्का उरलं तर एका बॅचमध्ये सुमारे ७ टक्के जागा जातात. एका बॅचपुरता हा तोटा दिसतही नाही. तेच रेझिन पाच वेळा वापरलं की मात्र तिसरा हिस्सा गेलेला असतो. पहिला निकाल चांगला आणि पुढचे वाईट येतात ते यामुळे.

तपासा : युनिटने कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) वापरला की कॉस्टिक पोटॅश, आणि किती टक्के, हे विचारून लिहून घ्या. पुढे कोणतं आम्ल घ्यायचं ते यावर ठरतं.

## टप्पा १ : नमुना घेणं

कच्चं ग्लिसरॉल कॅनमध्ये थर धरून बसतं. वर साबण आणि एस्टर, खाली क्षार. थंडीत तर ते गोठल्यासारखं घट्ट होतं. वरून मगभर काढून आणलेला नमुना त्या कॅनचा नसतोच. बंद कॅन कोमट पाण्यात ४० ते ५० अंशांपर्यंत आणा, झाकण सावकाश सैल करून वाफेचा दाब सोडा, ढवळा आणि मगच नमुना घ्या.

इशारा : यात मिथेनॉल असतं. ते विषारी आणि ज्वलनशील आहे, आणि त्याच्या बारीक ज्वाळा उजेडात दिसत नाहीत. काम फ्यूम हूडमध्येच करायचं. गॅस बर्नर, उघडी शेगडी, उघड्या तारेची हॉटप्लेट यांतलं काहीही जवळ नको.

चार गोष्टी मोजा : पीएच, पाणी, राख आणि ग्लिसरॉलचं प्रमाण.

पीएच मोजायला थेट घट्ट ग्लिसरॉलमध्ये इलेक्ट्रोड बुडवू नका, आकडा स्थिरच होत नाही. एक भाग नमुना नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळून मोजा आणि दर वेळी हेच प्रमाण ठेवा. राखेसाठी क्रुसिबलमध्ये नमुना आधी हूडखाली हळूहळू जाळा, मग मफल फर्नेसमध्ये घाला. घाईने थेट फर्नेसमध्ये ठेवला तर तो फसफसून बाहेर येतो आणि वजन चुकतं.

ग्लिसरॉलच्या प्रमाणासाठी पिरिआयोडेट टायट्रेशन पुरेसं आहे. पिरिआयोडेट ग्लिसरॉल फोडतं तेव्हा ग्लिसरॉलच्या एका रेणूमागे फॉर्मिक आम्लाचा एक रेणू सुटतो. ०.१२५ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचा १ मिलि म्हणजे ११.५ मिलिग्रॅम ग्लिसरॉल. नमुना ०.३ ग्रॅमच्या आसपास घेतला तर ब्युरेटवर २० ते २५ मिलि वाचन येतं, तेच सोयीचं.

नेहमीची चूक : नमुना आधी उदासीन न करणं. कच्च्या ग्लिसरॉलमधलं अल्कली सुटलेल्या फॉर्मिक आम्लाचा काही भाग खाऊन टाकतं आणि ग्लिसरॉल कमी दिसतं. आम्ल घालून शुद्ध केलेल्या नमुन्यात याच्या उलट होतं, ग्लिसरॉल जास्त दिसतं. कोरा प्रयोग, म्हणजे ब्लँक, सोडू नका. उरलेलं पिरिआयोडेट मारायला इथिलीन ग्लायकॉल घालतात, कारण त्याच्यापासून आम्ल तयार होत नाही.

## टप्पा २ : साबण फोडणं

इथे क्रमाचा प्रश्न येतो आणि बरेच जण उलटा क्रम घेतात : आधी मिथेनॉल उडवायचं, मग आम्ल घालायचं. तसं करू नका. अल्कली शिल्लक असताना मिथेनॉल काढलं तर बायोडिझेलची अभिक्रिया मागे फिरते. एस्टर ग्लिसरॉलला चिकटून मोनोग्लिसराइड बनतात, आणि ती दोन्ही थर एकमेकांत मिसळून ठेवतात. शिवाय साबणामुळे इतका फेस येतो की अर्धा माल रोटाव्हॅपच्या (फिरत्या फ्लास्कमधून निर्वातात द्रव उडवणारं यंत्र) बंपट्रॅपमध्ये, म्हणजे उसळलेला द्रव अडवणाऱ्या फुग्यात, जातो. आम्ल आधी, मिथेनॉल नंतर. मिथेनॉल असेपर्यंत माल पातळ राहतो आणि क्षारही सहज खाली बसतात.

आम्ल कोणतं घ्यायचं?

पोटॅशचा माल असेल तर ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे खडे खाली बसतात आणि गाळता येतात. वरच्या हिशेबाप्रमाणे १०० ग्रॅम ग्लिसरॉलमागे जास्तीत जास्त २० ग्रॅमच्या आसपास आम्ल लागेल. त्याहून खूप जास्त लागतंय असं दिसलं तर थांबा. एकतर तुमचा पीएच चुकीचा वाचला जातोय, नाहीतर युनिटने सांगितलेला आकडा खरा नाही.

कॉस्टिक सोड्याचा माल असेल तर विरळ केलेलं गंधकाम्ल. सोडियम सल्फेट ग्लिसरॉल आणि मिथेनॉलच्या मिश्रणात कमी विरघळतं.

हायड्रोक्लोरिक आम्ल टाळा, हे माझं ठाम मत आहे. ते स्वस्त आणि हाताशी असतं म्हणून वापरलं जातं. पण मीठ ग्लिसरॉलमध्ये चांगलंच विरघळतं, गाळून जात नाही, आणि क्लोराइड स्टीलची भांडी खातं ते वेगळंच.

कृती :

१. माल ५० अंशांवर आणून यांत्रिक ढवळणीने ढवळत ठेवा.
२. आम्ल थेंबाथेंबाने घाला. उष्णता निघते, तापमान ६० च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर मिथेनॉल उकळू लागेल.
३. दर थोड्या वेळाने १:९ पातळ करून पीएच पाहा आणि ३ च्या आसपास थांबा.
४. सेपरेटिंग फनेलमध्ये ओतून रात्रभर स्थिर ठेवा.

पीएच ५ जवळ येताना मिश्रण दह्यासारखं फुटतं. तो साबण फुटण्याचा क्षण आहे, पण काम संपल्याचा नाही. तिथेच थांबलात तर काही साबण तसाच राहतो आणि पुढे निर्वातात फेस बनून समोर येतो. दुसऱ्या टोकाला, पीएच १ पर्यंत नेण्यात काही कमाई नाही; जादा फॉस्फोरिक आम्ल ग्लिसरॉलमध्येच राहतं.

सकाळी तीन थर दिसतील : वर गडद मेदाम्लं आणि एस्टर, मध्ये ग्लिसरॉल, तळाला खडे. खालचा नळ आधी उघडला तर खड्यांनी तोटी तुंबते. वरचे दोन्ही थर अलगद ओतून घ्या, खडे वेगळे गाळा, मग दुसऱ्या स्वच्छ फनेलमध्ये वरचा थर वेगळा करा. मधल्या थरात तेलकट झाक उरली असेल तर हेक्झेनने दोनदा धुवा.

तपासा : ग्लिसरॉलचा थोडा भाग परीक्षानळीत दुप्पट पाण्याबरोबर जोरात हलवा. टिकणारा फेस किंवा दुधाळपणा आला तर पुढे जाऊ नका, पुन्हा पीएच पाहा.

## टप्पा ३ : थोडं मागे आणणं, मग मिथेनॉल आणि पाणी काढणं

पीएच ३ चा माल तसाच तापवू नये. फॉस्फोरिकच्या मार्गाने आलेला माल त्याच धातूच्या अल्कलीने, म्हणजे कॉस्टिक पोटॅशने, ४.५ ते ५ पर्यंत आणा. ७ पर्यंत नेण्याचा आग्रह नको. ७ च्या वर जाताना डायहायड्रोजन फॉस्फेटचं डायपोटॅशियम फॉस्फेट होतं, ते जास्त विरघळतं, आणि ज्या पोटॅशियमला बाहेर काढलं ते पुन्हा आत येतं. गंधकाम्लाच्या मार्गात ही अडचण नाही, तिथे ६.५ ते ७ चालेल.

आता रोटाव्हॅप. सुरुवातीला ५० ते ६० अंश आणि हलका निर्वात, तोही हळूहळू वाढवत. मिथेनॉल संपलं की ८० ते ९० अंशांवर पूर्ण निर्वात लावून पाणी काढा. मिथेनॉल निघून गेल्यावर आणखी क्षार दिसू लागतात, म्हणून माल कोमट असतानाच पुन्हा गाळा. थंड झाल्यावर गाळायला बसलात तर दिवस जाईल, कारण ग्लिसरॉल फार घट्ट होतं.

इशारा : जळक्या चरबीसारखा, डोळ्यांना झोंबणारा वास आला तर लगेच तापवणं बंद करा. ग्लिसरॉल फुटून ॲक्रोलिन बनू लागल्याची ती खूण आहे. ९० अंशांवर असं होत नाही. म्हणजे कुठेतरी तापमान हाताबाहेर गेलं आहे.

## टप्पा ४ : उरलेले क्षार काढणं

इथपर्यंत आलेला माल दिसायला चांगला असतो. त्याच्या रंगावर भुलून बरेच जण थेट अभिक्रियेकडे वळतात. रंगाचा आणि सोडियमचा काही संबंध नाही. फिकट पिवळ्या मालात २ टक्के क्षार असू शकतात आणि तपकिरी मालात जवळपास काहीच नसू शकतं.

आधी कोळसा, मग आयन-विनिमय, हा क्रम पाळा. ॲक्टिव्हेटेड कोळशातही राख असते, आणि रंगद्रव्यं आयन-विनिमयाच्या रेझिनला तुंबवतात. त्यामुळे उलटा क्रम दोन्ही बाजूंनी नुकसान करतो. ग्लिसरॉल तितक्याच पाण्याने पातळ करा, ६० अंशांवर कोळशाबरोबर अर्धा-एक तास ढवळा, बारीक फिल्टरमधून गाळा.

मग दोन कॉलम. पहिल्यात पाणी शुद्ध करायला वापरतात ते साधं, स्वस्त, तीव्र आम्लधर्मी रेझिन हायड्रोजन स्वरूपात. हे सोडियम-पोटॅशियम पकडतं. महागड्या उत्प्रेरकाऐवजी हे मरू दे, हाच हेतू आहे. दुसऱ्यात सौम्य अल्कधर्मी ॲनायन रेझिन. हा दुसरा कॉलम अनेकांना अनावश्यक वाटतो, पण तो सोडला तर मोठा घोळ होतो. पहिल्या कॉलममधून बाहेर पडताना फॉस्फेटचं फॉस्फोरिक आम्ल झालेलं असतं. ते ग्लिसरॉलमध्ये राहिलं तर स्वतःच अभिक्रिया घडवतं, आणि तुम्ही ते श्रेय रेझिनला देऊन बसता.

शेवटी पुन्हा रोटाव्हॅपवर पाणी काढा.

पुढे जाण्याची अट :
- पिरिआयोडेटने ग्लिसरॉल ९५ टक्क्यांच्या वर
- पाणी २ टक्क्यांच्या आत
- राख ०.१ टक्क्याच्या आत, शक्य तितकी कमी
- १० टक्के द्रावणाची विद्युतवाहकता बाटलीतल्या शुद्ध ग्लिसरॉलच्या तेवढ्याच द्रावणाच्या जवळपास

यातली शेवटची चाचणी दोन मिनिटांत होते आणि मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. कंडक्टिव्हिटी मीटर बहुतेक प्रयोगशाळांत असतोच. बॅचवर बॅच करायच्या असतील तर हा आकडा प्रत्येक बॅचच्या नोंदीत पहिल्या ओळीत हवा.

## टप्पा ५ : रेझिन आणि ॲसिटोनची तयारी

नवं रेझिन डब्यातून काढून थेट वापरू नका. आधी मिथेनॉलने, धुवण स्वच्छ येईपर्यंत धुवा. नव्या मण्यांतून थोडी सैल सल्फोनिक द्रव्यं सुटतात. मग ९० ते १०० अंशांवर, शक्यतो निर्वात ओव्हनमध्ये, रात्रभर वाळवा आणि डेसिकेटरमध्ये थंड करा. १२० अंश ही त्याची वरची मर्यादा आहे. ओव्हनची तबकडी कुठे-कुठे दाखवलेल्या आकड्यापेक्षा जास्त तापते, म्हणून वेगळा थर्मामीटर आत ठेवा. वजन वाळवल्यानंतर करायचं. ओल्या रेझिनचे ५ ग्रॅम आणि कोरड्याचे ५ ग्रॅम यांत आम्लजागांचा मोठा फरक पडतो.

ॲसिटोन ३ए मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणारे सच्छिद्र खनिज मणी) रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी ओतून घ्या. आठवडाभर तसंच ठेवू नका, ॲसिटोनचे रेणू आपापसांत जोडले जाऊ लागतात. आणि सीव्ह अभिक्रियेच्या फ्लास्कमध्ये तर मुळीच नको. ‘पाणी शोषलं जाईल’ म्हणून काही जण रेझिनसोबतच सीव्ह टाकतात. त्या सीव्हमध्ये सोडियम-पोटॅशियमच असतं. चार टप्पे राबून जे बाहेर काढलं ते परत आत आलं.

इशारा : ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) शून्याच्या खाली, उणे २० अंशांच्या आसपास आहे. तापवायला वॉटर बाथच वापरा.

## टप्पा ६ : अभिक्रिया

१०० ग्रॅम ग्लिसरॉल म्हणजे १.०९ मोल. मोलच्या हिशेबात सहापट ॲसिटोन म्हणजे सुमारे ३८० ग्रॅम, मापाने ४८० मिलि. रेझिन कोरडं ५ ग्रॅम. एक लिटरचा तीन तोंडांचा फ्लास्क, रिफ्लक्स कंडेन्सर, थर्मामीटर आणि वरून फिरणारी ढवळणी.

ढवळणीबद्दल एक गोष्ट. चुंबकी ढवळणीचा दांडा तळाशी घासत फिरतो आणि रेझिनचे मणी दळून टाकतो. पूड झालेलं रेझिन सुरुवातीला उलट जास्त वेगाने काम करतं, म्हणून लक्षात येत नाही. मग ते फिल्टरमधून निसटतं, ऊर्ध्वपातनाच्या फ्लास्कमध्ये पोचतं आणि तिथे सोलकेटल परत फोडतं.

क्रम असा :

१. ग्लिसरॉल आणि ॲसिटोन फ्लास्कमध्ये घ्या, ढवळणी चालू करा, ४५ अंशांवर आणा.
२. शून्य मिनिटाचा नमुना घ्या.
३. रेझिन घाला. इथून वेळ मोजायची.
४. सुरुवातीला दर १५ मिनिटांनी, नंतर दर अर्ध्या तासाने नमुना घ्या. नमुना लगेच सिरिंज फिल्टरमधून गाळून बर्फात ठेवा. मणी नमुन्यात राहिले तर अभिक्रिया कुपीतही चालूच राहते.
५. सलग तीन नमुने सारखे आले की थांबा.

सुरुवातीला दोन थर दिसतील. ग्लिसरॉल ॲसिटोनमध्ये फारसं विरघळत नाही. ढवळणी थांबवली तर ते तळाला जाऊन बसतं आणि रेझिनचे मणी त्यात चिकटून गोळा होतात. जसजसं सोलकेटल तयार होतं तसतसं तेच दोघांना एकत्र आणतं, मिश्रण आधी धुरकट आणि मग एकसंध होतं. मिश्रण नितळ झालं म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाली असं धरू नका. ती फक्त एका थरात आली, इतकाच त्याचा अर्थ.

तापमान वाढवून जास्त सोलकेटल मिळत नाही. अभिक्रिया उष्णता देणारी आहे, समतोल कमी तापमानाला अनुकूल आहे. ५० च्या वर नेल्यास ॲसिटोन उकळण्याच्या जवळ येतं आणि आम्लावर स्वतःशीच जोडलं जाऊन मेसिटिल ऑक्साइड बनतं. मिश्रण पिवळं पडत चाललं तर तेच होत असल्याची शंका घ्या.

रूपांतर वाढवायचा खरा मार्ग म्हणजे पाणी काढणं. प्रत्येक सोलकेटलच्या रेणूमागे पाण्याचा एक रेणू तयार होतो आणि तोच अभिक्रियेला मागे खेचतो. पहिला समतोल आल्यावर रेझिन गाळा, द्रावण सौम्य अल्कधर्मी ॲनायन रेझिनबरोबर थोडं ढवळून आम्लाचा अंश काढा, ॲसिटोन आणि पाणी निर्वातात उडवा, मग ताजं कोरडं ॲसिटोन आणि कोरडं रेझिन घालून दुसरी फेरी घ्या. इथे बेकिंग सोडा वापरू नका. त्यातलं सोडियम दुसऱ्या फेरीच्या रेझिनला लागेल.

न चुकता करायच्या दोन चाचण्या : एक, रेझिनशिवाय तोच प्रयोग. काही सोलकेटल बनलं तर ग्लिसरॉलमध्ये आम्ल उरलं आहे. दोन, अर्ध्यावर गरम असतानाच रेझिन गाळून द्रावण तसंच चालू ठेवणं. रूपांतर पुढे सरकत राहिलं तर आम्ल रेझिनमधून सुटून द्रावणात आलं आहे. क्षार उरलेले असताना हेच होतं : सोडियम रेझिनवर बसतं, हायड्रोजन आयन बाहेर पडतो, आणि पहिली बॅच त्या सुटलेल्या आम्लावर छान चालते. तो हायड्रोजन आयन गाळलेल्या द्रावणाबरोबर निघून जातो आणि दुसऱ्या बॅचला काही उरत नाही.

## टप्पा ७ : मोजणी

अहवालांत रूपांतर आणि उत्पादन हे दोन आकडे सर्रास एकाच अर्थाने येतात. १ मोल ग्लिसरॉल घेतलं, ०.१५ मोल उरलं, सोलकेटल ०.८२ मोल मिळालं असं समजा. रूपांतर ८५ टक्के, उत्पादन ८२ टक्के, निवडकता ८२ भागिले ८५, म्हणजे ९६ टक्क्यांच्या थोडी वर. तिन्ही लिहा.

उत्पादनाच्या मोजणीला पिरिआयोडेट वापरू नका, आम्लधर्मी पाण्यात सोलकेटल परत फुटू शकतं. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) वापरा, तेही अंतर्गत मानक, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणात एक वेगळा पदार्थ, घालून. नुसत्या शिखरांच्या क्षेत्रफळांची टक्केवारी म्हणजे मोजणी नव्हे. ग्लिसरॉल साध्या कॉलमवर शेपटी सोडतं आणि कमी दिसतं, म्हणून सिलिलेशन (ग्लिसरॉलला सिलिकॉनचे गट जोडून ते सहज उडेल असं करणं) करून घेणं चांगलं. इंजेक्ट करण्याआधी नमुन्यात आम्ल नाही याची खात्री करा.

जीसी नसेल तर ॲसिटोन आणि पाणी पूर्ण काढल्यावर ॲबे रिफ्रॅक्टोमीटरवर पाहा. २० अंशांना शुद्ध सोलकेटलचा अपवर्तनांक १.४३४ आणि ग्लिसरॉलचा १.४७४. अंदाजासाठी पुरेसं आहे. ॲसिटोन उरलं असेल तर आकडा खाली येतो आणि फसवतो. ओळख पक्की करायला प्रोटॉन एनएमआर : १.४ पीपीएमच्या आसपास दोन मिथाइलांच्या दोन वेगळ्या रेषा दिसायला हव्यात.

पाण्याच्या मोजणीत एक सापळा आहे. पाणी मोजण्याच्या कार्ल फिशर टायट्रेशनच्या नेहमीच्या अभिकर्मकात मिथेनॉल असतं. ते ॲसिटोनबरोबर अभिक्रिया करून नवं पाणी तयार करतं, शेवटचा बिंदू सरकत राहतो आणि पाणी जास्त दिसतं. ॲसिटोनसारख्या कीटोनसाठीचा वेगळा अभिकर्मक मिळतो, तोच घ्या.

## टप्पा ८ : सोलकेटल वेगळं करणं

गाळलेल्या द्रावणाचा पीएच पाहिल्याशिवाय तापवू नका. हा टप्पा छोटा आहे, पण तीन दिवसांचं काम इथे एका तासात जाऊ शकतं. आम्लाचा अंश असताना तापवलं की ॲसिटोन आधी उडतं, पाणी मागे राहतं, आणि आम्ल त्या पाण्याने सोलकेटल पुन्हा फोडून ग्लिसरॉल करतं. ऊर्ध्वपातन संपत नाही, ॲसिटोन येतच राहतं आणि फ्लास्कमध्ये घट्ट द्रव वाढत जातो, असं दिसलं तर हेच चाललं आहे. शेवटच्या फेरीत चिमूटभर निर्जल पोटॅशियम कार्बोनेट घालून ढवळा, मग तापवा. ते उडत नाही, फ्लास्कमध्येच राहतं.

ॲसिटोन आणि पाणी गेल्यावर निर्वातात सोलकेटल घ्या. पाऱ्याच्या १० मिमी दाबाला ते साधारण ८० अंशांवर येतं. सामान्य दाबाला उत्कलनबिंदू १८८ अंशांच्या आसपास आहे, तिथपर्यंत नेण्याचं कारण नाही. १०० ग्रॅम शुद्ध ग्लिसरॉलपासून कागदावर जास्तीत जास्त १४३ ग्रॅम मिळू शकतं. वजन त्याहून जास्त भरलं तर पाणी किंवा ॲसिटोन उरलं आहे. गडद बाटलीत, घट्ट बुचाने, आम्लापासून दूर ठेवा.

परत मिळालेलं ॲसिटोन पुन्हा वापरताना एक लक्षात घ्या : मिथेनॉल आणि ॲसिटोन एकत्रच उकळतात, साध्या ऊर्ध्वपातनाने वेगळे होत नाहीत. टप्पा ३ मध्ये राहिलेलं थोडं मिथेनॉल प्रत्येक फेरीत साचत जातं.

## टप्पा ९ : रेझिन पुन्हा वापरण्याआधी

बरेचदा रेझिन नुसत्या ॲसिटोनने धुऊन वाळवलं जातं, ते चूक. ग्लिसरॉल ॲसिटोनमध्ये फारसं विरघळत नाही, त्यामुळे ते मण्यांच्या छिद्रांत तसंच राहतं. मिथेनॉलने किंवा इथेनॉलने धुवा, मग टप्पा ५ प्रमाणे वाळवा.

मग त्याची आम्लता मोजा. ०.५ ग्रॅम कोरडं रेझिन मिठाच्या १ मोलर द्रावणात तासभर ढवळा. मिठातलं सोडियम हायड्रोजन आयनांना बाहेर काढतं. ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करा. ताज्या रेझिनला २३.५ मिलिच्या आसपास लागतं. वापरलेल्याला १५ मिलि लागलं तर एक तृतीयांशाहून जास्त जागा गेल्या.

आता निदान :

- आम्लता कमी : धातूंनी जागा घेतल्या. १ मोलर गंधकाम्लात दोनदा भिजवा, धुवण उदासीन होईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा, वाळवा, पुन्हा टायट्रेट करा.
- आम्लता ठीक, पण काम मंद : छिद्रं मेदाम्लांनी किंवा ग्लिसराइडांनी बुजली. हेक्झेन, मग इथेनॉल. टप्पा २ मधला थर नीट वेगळा झाला नव्हता.
- आम्लता ठीक, सुरुवात चांगली, पण लवकर थांबतं : पाणी जास्त आहे. ग्लिसरॉल, ॲसिटोन, रेझिन तिन्ही तपासा.
- गंधकाम्लाने धुऊनही आम्लता परत येत नाही : रेझिन १२० अंशांच्या वर तापलं आणि सल्फोनिक गट गळून गेले. ते टाकून द्या.

शुद्धीकरणातून उरलेलं कसं वापरायचं तेही ठरवून ठेवा. टप्पा २ मधली मेदाम्लं आम्ल-उत्प्रेरकाने एस्टर करून बायोडिझेल युनिटलाच परत देता येतात. पोटॅशियम फॉस्फेटचे खडे खत म्हणून उपयोगी आहेत, पण मिथेनॉल पूर्ण निघाल्यावर आणि चिकटलेलं तेल हेक्झेनने धुतल्यावरच. कच्चं ग्लिसरॉल मात्र मिथेनॉलसकट नाल्यात किंवा गुरांच्या खाद्यात जाता कामा नये.